विहिरीतला फुटबॉल आणि खिशातला ऑटो

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
महावितरण, प्रकाशगड, वांद्रे पूर्व, मुंबई.

विषय : 'ऑटो स्वीच काढा, कपॅसिटर बसवा' या आवाहनात एका व्हॉल्व्हची भर घालण्याबाबत.

महोदय,

काळेवाडी फाट्यावर भल्या पहाटे पहिल्या पाळीची माणसे कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असतात. बरेचसे जण तापकीरनगर, ज्योतिबानगर, नढेनगर या भागांत भाड्याने राहणारे. गाव विचारले तर आष्टी, जामखेड, करमाळा, परांडा, भूम. एखाद्याचा फोन खणाणतो. गावाकडून निरोप आलेला असतो, पण माणसाचा नव्हे, स्टार्टरच्या पेटीतल्या सिमकार्डाचा : तिन्ही फेज आले. बस यायच्या आत तो एक बटण दाबतो आणि दोनेकशे किलोमीटरवरच्या विहिरीवर मोटार चालू होते. मग बस येते आणि तो चाकणला जातो. फोन लॉकरमध्ये जातो, स्टार्टर ऑटोवर राहतो. पुढचे आठ तास विहिरीपाशी काय चालले आहे हे त्याला कळत नाही आणि विहिरीपाशी असतात ते त्याचे वडील, ज्यांचे गुडघे आता विहिरीच्या पायऱ्या उतरू देत नाहीत.

हे पत्र त्या माणसाबद्दल आहे, कारण महावितरण वर्षानुवर्षे त्याला उद्देशून एकच गोष्ट सांगत आली आहे आणि तो ती ऐकत नाही. कृषिपंपांना ऑटो स्वीच लावू नका, कपॅसिटर लावा. रब्बीचा हंगाम आला की हे आवाहन वर्तमानपत्रांत येते. त्यामागचे कारणही रास्त आहे. लाईट आली की ऑटो लावलेल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, चालू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह ओढते आणि डीपी, म्हणजे रोहित्र, जळते. डीपी जळली की ज्यांनी ऑटो लावलेला नव्हता त्यांचेही पीक वाळते. यात खोटे काहीच नाही. तरीही ऑटो निघत नाही, कारण ऑटो काढायचा तर स्टार्टरजवळ माणूस हवा, आणि तो माणूस पाळीला गेलेला आहे.

तेव्हा ऑटो राहणार, हे धरूनच पुढे बोलावे. आणि तसे बोलायचे झाले तर एका लहानशा वस्तूचे नाव त्या आवाहनात यायला हवे. दुकानदार तिला एनआरव्ही म्हणतात, पुस्तकात ती नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असते. तिचा विहिरीच्या तळाशी राहणारा भाऊ म्हणजे फूट व्हॉल्व्ह, ज्याला उभ्या महाराष्ट्रात फुटबॉल म्हणतात. चोरीला गेलेल्या मालाच्या यादीतही पुष्कळदा 'मोटार, केबल व फुटबॉल' असेच लिहिलेले सापडते. शहरी वाचकाला प्रश्न पडतो की विहिरीवर खेळत कोण होते.

काम एवढेच : पाण्याला वर जाऊ द्यायचे, परत येऊ द्यायचे नाही. ही गरज विजेच्या मोटारीबरोबर आली असेही नाही. चामड्याच्या मोटेला खाली सोंड असायची. मोट भरून वर येताना सोंदूर नावाचा दोर ती सोंड वर दुमडून धरत असे, म्हणून पाणी सांडत नसे. मोट थारोळ्याशी आली की सोंड मोकळी व्हायची आणि पाणी पाटाला लागायचे. नाडा ओढायला बैल होते, पण पाणी मागे जाऊ न देण्याचे काम सोंदराचे. आपल्या शरीरातही हेच यंत्र आहे. पायांतल्या शिरांमध्ये झडपा असतात, रक्त वर चढते ते त्यांच्या आधाराने. इटलीत फाब्रिचियस याने १६०३ मध्ये त्यांची चित्रे छापली आणि विल्यम हार्वीने १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडताना त्याच झडपांचा पुरावा दिला. तासन्‌तास एका जागी उभे राहून काम करणाऱ्यांना शिरा फुगण्याचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते, आणि त्या आजारात बिघडलेल्या असतात त्या याच झडपा. म्हणजे चाकणच्या लाईनवर उभ्या असलेल्या त्या माणसाच्या पोटरीत आणि त्याच्या विहिरीत एकाच जातीची दुखणी निघू शकतात.

आता विहिरीकडे. लाईट जाते तेव्हा काय घडते हे पाहण्यासारखे असते. तीन इंची पाईपलाईनच्या दर मीटरमध्ये साधारण साडेचार लिटर पाणी मावते. नदीवरून किंवा विहिरीवरून चढावर एक किलोमीटर पाणी नेले असेल तर पाईपात साडेचार हजार लिटर, म्हणजे साडेचार टन पाणी उभे आहे. खेड, मावळ, मुळशीत अशा लांब पाईपलाईनींचे नवल नाही. भीमा, भामा, इंद्रायणी, पवना यांच्या काठांवरून वरच्या वावरांपर्यंत पाणी असेच जाते. वीज असेपर्यंत पंप ते पाणी वर ढकलत असतो. वीज गेली की तेच पाणी उलटे फिरते. व्हॉल्व्ह नसेल, किंवा त्याच्या झाकणात खडा अडकला असेल, तर सगळे पाणी पंपातून खाली विहिरीत धावते आणि जाता जाता पंपाचा पंखा उलटा फिरवते. मोटार आता मोटार राहत नाही, पाणचक्की होते.

इथे ऑटोचा प्रवेश. वीज गेली ती कायमची गेली असे नसते. फांदी तारेला टेकते, फिडर ट्रिप होतो, पाच-दहा सेकंदांत पुन्हा येतो. ऑटो इमानदार; वीज दिसली की तो मोटार सुरू करतो. पण पंखा त्या क्षणी उलट दिशेने गरगरत असतो. उलट्या फिरणाऱ्या मोटारीला एकदम सुलट वीज मिळाली की शाफ्टवर असा पीळ बसतो की तो मोडतो, कपलिंग निसटते, बोअरमधल्या पाईपाचे आटे सुटून सबमर्सिबल खाली जाऊन बसते. इतके काही झाले नाही तर वायंडिंग तापते. एकदा, दोनदा, दहादा. मग एके दिवशी मोटार जळाली असा फोन काळेवाडीला येतो, आणि दोष ठरवला जातो कमी व्होल्टेजचा, म्हणजे आपला. पुष्कळदा तो खरेच व्होल्टेजचा असतो. पुष्कळदा तो काही शे रुपयांच्या झाकणाचा असतो, पण विहिरीत उतरून ते झाकण पाहायला कोणी गेलेले नसते.

वाया जाणाऱ्या वेळाचाही हिशोब करता येतो. पाच अश्वशक्तीचा ठीकठाक पंप तीस मीटर उंचीवर सेकंदाला सहा लिटरच्या आसपास पाणी देतो. मघाचे साडेचार हजार लिटर पुन्हा भरायला त्याला बारा-तेरा मिनिटे लागतात. रात्रीत पाच वेळा लाईट गेली-आली तर तास गेला, आणि शेतीची थ्री फेज वीज मिळते ती आठेक तासांच्या पाळीने. आठातला एक तास पाणी दंडाला न लागता पाईपातच वरखाली करत राहिले.

विहिरीवरच्या मोनोब्लॉकची कहाणी थोडी वेगळी. तिथे पंप वर, पाणी खाली. वातावरणाच्या दाबाने पाणी वर चढते आणि तो दाब समुद्रसपाटीला दहा मीटरच्या थोडे वर पाणी तोलतो. पुण्याच्या साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर ते पावणेदहाच्याही आत येते, आणि घर्षण, गळती, कोन वजा केले की प्रत्यक्षात सहा-सात मीटर. त्यात फुटबॉल गळका असला की सक्शनचे पाणी रात्रीत उतरून जाते आणि पहाटे मोटार नुसती हवेत फिरते. शेतकरी म्हणतो, मोटारीने पाणी सोडले. मग बादलीने पाणी भरा, वायसर पाहा. आणि काहीच चालेना तर शेणकाला कालवून पाईपात ओता, म्हणजे त्यातला चोथा झाकणाच्या फटीत बसतो आणि तेवढ्यापुरते भागते. या तोडग्याला हसू नये. ज्याने तो काढला त्याला व्हॉल्व्ह कळला होता, फक्त नवा आणायला तालुक्याला जायचे होते. मात्र फोनवरून चालू होणाऱ्या मोटारीत शेणकाला कोण ओतणार? ती कोरडीच फिरत राहते.

फुटबॉल आहे म्हणजे सगळे आलबेल, असेही नाही. तो वाईट असला तर न गळताही नुकसान करतो. भारतीय मानक संस्थेचे शेतीपंपांच्या सक्शनवरील व्हॉल्व्हसाठी आयएस १०८०५ हे मानक आहे. त्यात फूट व्हॉल्व्हच्या अडथळ्याचा गुणांक ०.८ च्या वर नको असे म्हटले आहे. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने जात असेल तर ०.८ गुणांकाचा व्हॉल्व्ह सुमारे सोळा सेंटिमीटरची उंची खातो. गुणांक दहा असलेला ओबडधोबड ओतीव डबा तोच वेग असताना दोन मीटर खातो. सहा-सात मीटरच्या भांडवलातले दोन मीटर! एवढ्यावरून पाणी एप्रिलच्या मध्याला सुटायचे की मेच्या अखेरीला, हे ठरू शकते. पण बाजारात फुटबॉल घेताना वजन बघतात. जड तो चांगला, असा एक समज आहे.

इथे थोडे स्पष्ट बोलायला हवे. ऊर्जाबचतीची भाषा शेतकऱ्याला आता पटणार नाही. मुख्यमंत्री बळीराजा वीज सवलत योजनेने एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल सरकारने उचलले आहे. लाभार्थी चव्वेचाळीस लाखांच्या घरात आहेत. युनिट वाचवा म्हटले तर त्याच्या खिशात काही पडत नाही. मोटार भरायला टाकली की मात्र त्याचे पैसे जातात, आणि पैशांपेक्षा आठवडा जातो. कांदा पोसायला लागला असताना गेलेला आठवडा परत येत नाही. म्हणून पत्रक काढायचे तर त्यात युनिटांचा आलेख नको. शाफ्ट मोडलेल्या पंपाचे चित्र असावे.

दुसरा पक्ष आहे मोटार काढणाऱ्या मिस्त्रीचा, आणि त्याचीही बाजू ऐकायला हवी. बऱ्याच सबमर्सिबल पंपांच्या डोक्यावर व्हॉल्व्ह कारखान्यातूनच बसवून येतो. बोअरमधून पंप वर काढायचा झाला की हाच व्हॉल्व्ह मिस्त्रीच्या मुळावर येतो, कारण पाईपातले पाणी खाली उतरत नाही. दोन इंची पाईप शंभर मीटर असेल तर पाईप आणि पंपाच्या वजनावर आणखी दोनशे किलो पाणी. चार माणसे हाताने पाईप ओढत असतात. म्हणून काही जण पंप सोडण्याआधी व्हॉल्व्हचे झाकणच काढून टाकतात किंवा त्याला भोक पाडतात. पुढच्या खेपेचे कष्ट वाचले. त्याची किंमत मोटार हप्त्याहप्त्याने भरते. हा अडाणीपणा नाही, पाठीच्या कण्याचे गणित आहे. चेन पुली आणि तिपाई प्रत्येक गावात मिळाली तर भोके आपोआप बुजतील.

व्हॉल्व्ह बसवला, पण भलतीकडे बसवला, हा तिसरा प्रकार. खोल बोअरमध्ये खालचा व्हॉल्व्ह गळत असेल आणि कोणीतरी वर, तोंडाशी, दुसरा बसवला तर दोघांच्या मधले पाणी खाली सरकते आणि मध्ये पोकळी राहते. मोटार चालू झाली की पाणी त्या पोकळीतून धावत येऊन वरच्या झाकणावर आदळते. झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या नळांवर प्रयोग करून या धडकेचे गणित मांडले : लोखंडी पाईपात सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारे पाणी एकदम थांबवले तर दाब शंभर मीटर उंचीच्या पाण्याइतका उसळतो. पीव्हीसी लवचीक असल्याने तिथे तो तीस-चाळीस मीटरांवर भागतो. पण सहा किलो दाबाचा म्हणून घेतलेला आणि दहा वर्षे उन्हात पडलेला पाईप तेवढेही सोसत नाही. पाईपलाईन फुटण्याचा आवाज रात्री लांबवर ऐकू जातो. बिजागरीवर झुलणारे झाकण असलेला जुन्या धाटणीचा व्हॉल्व्ह पाणी उलटे फिरल्यावर मिटतो आणि आपटतो. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह पाणी थांबता थांबताच मिटतो. लांब चढावाच्या लाईनीला स्प्रिंगचा घ्यावा आणि लाईनीच्या उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह असावा. दुकानदाराने यातले काही सांगितले तर तो भला माणूस समजावा.

खताचा प्रश्न महावितरणच्या कक्षेतला नाही, तरी त्याच व्हॉल्व्हशी तो बांधलेला आहे. ठिबकवर व्हेंचुरीतून खत सोडताना लाईट गेली आणि एनआरव्ही मिटला नाही तर खताचे पाणी उलटे विहिरीत येते. वाडी-वस्तीवर शेताची विहीर आणि प्यायची विहीर पुष्कळदा एकच असते. अमेरिकेत पाण्यावाटे औषध सोडायचे असेल तर पंपाच्या लाईनीवर असा व्हॉल्व्ह हवाच, असे तिथल्या पर्यावरण संस्थेने १९८७ मध्ये औषधांच्या लेबलांवर छापायला लावले. आपल्याकडे ठिबकच्या संचात एनआरव्ही असतो. तो मिटतो का, हे पुढे कोणी बघत नाही.

काळेवाडीला हे परके नाही, म्हणून हे पत्र इथून निघाले. पवनेच्या काठच्या या भागातली वावरे इमारतींखाली गेली, पण विहिरीची जागा बोअरने घेतली आणि मोटारी उलट वाढल्या. २५ नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला नळाचे पाणी दिवसाआड येते, त्यामुळे सोसायट्यांत बोअरचे, टँकरचे आणि पालिकेचे पाणी शेजारी शेजारी नांदते. जिथे दोन लाईनी एकमेकींना जोडल्या आहेत तिथे मधला व्हॉल्व्ह बिघडला की बोअरचे पाणी पालिकेच्या नळात शिरायला मोकळे. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर दोन तास भांडण होते, या झाकणावर दोन मिनिटेही नाही.

सौरपंपांमुळे तर गाठ आणखी घट्ट होणार आहे. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना महावितरणच राबवते. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच, आणि जमिनीप्रमाणे तीन, पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप घ्यायचा. सौरपंपाला ऑटो लावावा लागत नाही, तो जन्मजात ऑटोच असतो. ढग आला की मंदावतो, थांबतो. ऊन पडले की स्वतःहून सुरू होतो. श्रावणातल्या एका दुपारी हे किती वेळा घडेल ते मोजायला नको. दर वेळी पाईपातले पाणी परत यायला बघणार आणि दर वेळी झाकणाला मिटावे लागणार. शिवाय ऊन कमी असताना पाणी मंद येते, झाकण पुरते उघडत नाही, अर्धवट थरथरत राहते आणि बैठकीवर घासून झिजते. विजेच्या पंपात जो व्हॉल्व्ह वर्षाला काही शे वेळा हलत होता, तो आता त्याहून कितीतरी जास्त हलणार.

तेव्हा मागणी मोठी नाही. ऑटो काढा असे सांगणारे पत्रक यंदाच्या रब्बीआधी बदलावे. त्यात लिहावे की ऑटो ठेवायचाच असेल तर वेळ लावून ठेवा. बाजारातल्या बऱ्याच मोबाईल स्टार्टरमध्ये वीज आल्यावर मोटार किती सेकंदांनी सुरू करायची हे ठरवता येते. ती सोय पेटीत असते, पुष्कळांनी ती शून्यावर ठेवलेली असते. एका डीपीवरच्या वीस जणांनी आपसात ठरवून कोणी दोन मिनिटे, कोणी तीन, कोणी पाच असे आकडे घेतले तर मोटारी एकदम उठणार नाहीत. आपली डीपी वाचेल आणि पाईपातले उलटे पाणी निवायला वेळ मिळून त्यांच्या पंपांवरचा ताणही कमी होईल. हे वाटप कोणी लावून द्यायचे, तर गावच्या वायरमनने. डीपीवर कोण-कोण आहे हे त्याला तोंडपाठ असते.

दुसरे, नव्या सौरपंपाची जोडणी तपासायला माणूस जातो तेव्हा त्याने पॅनेल मोजावे, फोटो काढावा, आणि मग पंप बंद करायला सांगून पाईपाला कान लावावा. पाणी खळखळत खाली गेले तर व्हॉल्व्ह मिटलेला नाही. कागदावर त्यासाठी एक चौकोन पुरेल.

तिसरे, हे पत्रक गावच्या चावडीवर लावाच, पण एक गठ्ठा इकडेही पाठवावा. काळेवाडी फाटा, डांगे चौक, चाकणचा तळेगाव चौक. पहाटे बस येण्याआधी तिथे दहा-पंधरा मिनिटे मोकळी असतात आणि पंपांचे कितीतरी मालक तिथेच उभे असतात. गावी जाताना ते मोटारीचे सामान इथूनच घेऊन जातात. दिवाळीच्या सुट्टीत फराळाच्या पिशवीशेजारी केबलचे वेटोळे एसटीच्या टपावर चढते. यंदा त्यात अडीच इंची एनआरव्ही असावा, बाण वरच्या दिशेने करून बसवायचा, एवढे त्या कागदावर लिहिलेले असले तरी चालेल.

कळावे,
काळेवाडी, पुणे ४११०१७ येथून